गळायला हवा तो पंप

आयर्लंडमधल्या माझ्या पहिल्या स्वतंत्र कामाच्या अहवालात एक ओळ आहे : ‘पहिली चाचणी नापास. ग्लँड प्रमाणाबाहेर आवळलेला.’ ती ओळ काढावी म्हणून मी एका म्हाताऱ्या आयरिश माणसाशी तासभर भांडलो. त्याने काढली नाही. तो राग अजून गेलेला नाही. आणि या देशात मी सर्वांत जास्त कुणाचं देणं लागत असेन, तर त्याच माणसाचं.

भोसरीत मी पाइप उचलण्यापासून सुरुवात केली आणि आगीपासून संरक्षणाच्या यंत्रणा बसवणारी लहानशी कंपनी उभी केली. माझी ख्याती एकच होती, माझ्या जॉइंटमधून थेंब गळत नाही. पाइपांच्या चाचणीच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात मी कोरडा रुमाल द्यायचो आणि म्हणायचो, “कुठंही फिरवा.” पंप मात्र पंपवाले बसवून, चालवून द्यायचे. मी तोवर त्यांना चहा सांगायचो. इथेच माझ्या शिक्षणात भोक राहिलं.

बायको डॉक्टर. तिला ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी कंपनी विकून तिच्या मागोमाग आलो. सुरुवातीची वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली पाइपांना आटे पाडण्यात गेली. मी आधी काय केलंय, हे कुणी विचारलं नाही. आपल्या मंडळींच्या गणपतीतही माझी ओळख ‘डॉक्टरांचे मिस्टर’. त्यामुळे शहराबाहेरच्या एका नर्सिंग होमचं स्प्रिंकलरचं काम मिळालं, तेव्हा मी बाह्या सरसावूनच सौद्याला बसलो. नर्सिंग होम म्हणजे इथे वृद्धांची कायमची राहण्याची जागा. मुख्य कंत्राटदाराने मला पिळलं, मीही त्याला पिळलं. शेवटी त्याने एक अट घातली : चाचणी ठरल्या दिवशी पास झाली नाही, तर उरलेलं काम आणि पुढची देखभाल दुसऱ्याकडे. मी हसत सही केली.

स्प्रिंकलरना, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या तोट्यांना, पाणी पुरवणाऱ्या पंपाचा फिरता दांडा पोटातून जिथे बाहेर येतो, तिथे त्याच्याभोवती जाड दोरीसारखं पॅकिंग कोंबलेलं असतं. ते दाबून धरणारं कडं म्हणजे ग्लँड. त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. पंपवाला जाताना सांगून गेला होता, “याला हात लावू नकोस.” तो कामचुकार आहे, असं मी मनाशी ठरवलं.

चाचणीच्या आदल्या दुपारी कंत्राटदार पंपाच्या खोलीत डोकावला. करड्या रंगाची नवी कोरी फरशी, आणि तिच्यावर ओल.

“अजून म्हातारे राहायला आले नाहीत, आणि तुझ्या पंपाला आत्ताच गळती?” तो हसला. “तुमच्याकडे असंच चालतं का?”

ते ‘तुमच्याकडे’ माझ्या डोक्यात गेलं. तो वळायच्या आत मी पाना उचलला आणि ग्लँडचे दोन्ही नट आवळत गेलो, थेंब थांबेपर्यंत. मग खिशातला रुमाल काढून दाखवला. कोरडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस आला. सत्तरीकडे झुकलेला, उंच, कोटाच्या खिशात सँडविच. अर्धा तास पंप पूर्ण जोराने चालवायचा, दाब आणि प्रवाह नोंदवायचा, असं ठरलेलं. काटे अगदी जागेवर होते. मी कंत्राटदाराकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसत होतो. दहाव्या मिनिटाला जळका वास आला. मग ग्लँडपाशी धुराची बारीक रेघ दिसली.

म्हाताऱ्याने पंप बंद केला. कड्याजवळ तळहात नेऊन मागे घेतला. “हे कुणी आवळलं?”

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण रुमालाचा साक्षीदार समोरच उभा होता. “मी.”

“ते पाणी गळत नसतं,” तो म्हणाला. “ते दांड्याला थंड ठेवत असतं.” आणि तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला. तेही मी विसरलेलो नाही.

“झालं तर,” कंत्राटदार म्हणाला. “युअर मॅनने पंप जाळला. मी दुसऱ्याला बोलावतो.” समोर उभ्या असलेल्या माणसालाही ‘तो गडी’ म्हणून बाजूला सारायची ही इथली रीत.

म्हाताऱ्याने सावकाश खिशातली डायरी काढली. “खुशाल बोलाव. पण माझा पुढचा मोकळा दिवस तीन आठवड्यांनी आहे. तुझे म्हातारे कधी येणार?”

“सोमवारी.”

“आज मी इथं आहे. हाही इथं आहे. दिवस अजून संपलेला नाही. चारला ये.”

मी आयुष्यभर घासाघीस केली. इतक्या कमी शब्दांत इतका मोठा सौदा जुळवलेला पाहिला नव्हता, आणि तोही माझ्यासाठी, ज्याचं नावही त्याला नीट घेता येत नव्हतं.

त्याच्या गाडीत पॅकिंगचं भेंडोळं होतं. जळलेलं पॅकिंग आम्ही उकरून काढलं. दांड्यावरून त्याने नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. “चरा नाही पडला. नशीबवान आहेस.” मग दांड्याइतक्याच जाडीच्या पाइपाला पॅकिंग गुंडाळून कडी तिरकी कशी कापायची, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ न देता ती कशी बसवायची, हे त्याने दाखवलं. नट बोटांनीच फिरवायला लावले. पंप सुरू केला तेव्हा पाण्याची धारच लागली. माझा हात आपोआप पान्याकडे गेला.

“थांब.”

“पण गळतंय!”

“गळू दे. आधी त्याला सवय होऊ दे.”

नट जरासा फिरवायचा, थांबायचं, बघायचं. माझ्यासारख्या माणसाला ती शिक्षाच होती. धारेचे थेंब झाले, तेव्हा त्याने सँडविच अर्धं तोडून माझ्या हातात ठेवलं.

मी विचारलं, “सकाळची दहा मिनिटं धरून आता वीसच चालवला तर?”

“अर्धा तास,” तो म्हणाला.

चारला कंत्राटदार आला. अर्धा तास पंप चालला, थेंब पडत राहिले, पास झालो. काम माझं राहिलं. त्यानंतर त्या ओळीचं भांडण झालं. “पास झालं ना? मग आधीचं कशाला लिहिता?”

“घडलं म्हणून.”

“निदान ‘आवळलेला’ऐवजी ‘जुळवलेला’ लिहा.”

“‘जळालेला’ लिहू?”

घरी बायकोला सगळं सांगितलं, तिने बाजू घ्यावी म्हणून. ती म्हणाली, “म्हणजे पेशंटची शीर दाबून धरलीस आणि बघा, रक्त कसं थांबवलं, असं सांगत होतास.”

आज माझ्याकडे पूर्वेच्या डंडॉकपासून पार पश्चिमेच्या कासलबारपर्यंत कामं आहेत. त्या नर्सिंग होमचा पंप मीच दर वर्षी तपासतो. भिंतीवरच्या पेटीत तो अहवाल आहे, नवीन नोंद करायला उघडला की ती ओळ समोर येते आणि माझं डोकं तापतं. मग मी ग्लँडजवळ हात नेतो. थंड असतो.

म्हातारा आता निवृत्त झालाय. गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने चकली दोनदा उलटसुलट पाहिली, खाल्ली, आणखी एक घेतली. मला वाटलं, हीच वेळ आहे.

“आता तरी सांगा,” मी म्हणालो, “ती ओळ लिहायलाच हवी होती का?”

“पंप गळतोय का?” त्याने विचारलं.

“गळतोय.”

“ग्रँड,” तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, आणि डबा स्वतःकडे ओढला.