बाबांचा चुकलेला हुकूम

बाबा एकोणिसाव्या वर्षी या देशात आले, विसाव्या वर्षी इथल्याच नौदलात भरती झाले आणि पुढची अकरा वर्षं जहाजांच्या पोटात, इंजिनांच्या खोलीत राहिले. समुद्र कसा असतो असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मला काय विचारता? मी त्याच्या खाली होतो." नौदल सुटल्यावर त्यांना कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात बॉयलरवर नोकरी लागली. लग्न झालं, आम्ही दोघी बहिणी झालो आणि काही वर्षांनी आईचा धाकटा भाऊही इकडे आला. "तुमच्या भरवशावर आलाय तो," एवढंच आई बाबांना म्हणाली.

मामाला इथली भाषा येत नव्हती. बाबांनी त्याला हाताखाली घेतलं आणि सगळं काम मराठीतून शिकवलं. "पाणी सोड. बंद कर. परत सोड."

"भाऊजी, मी बॉयलर शिकतोय की शेताला पाणी देतोय?" मामा म्हणायचा.

पुढचं बाबांनी आम्हा मुलींना कधीच सांगितलं नाही. ते गेल्यावर मामाकडून कळलं.

एका सोमवारी दुपारी बॉयलरला पाणी पुरवणारा पंप गुपचूप बंद पडला. आत पाणी किती आहे ते बॉयलरच्या अंगावरच्या काचेच्या नळीत दिसतं. मामा ती पुसायला गेला, तर नळी कोरडी. त्यानं राखीव पंप चालू केला, धावत जाऊन पाण्याची झडप उघडणाऱ्या चाकाला दोन्ही हात घातले आणि ओरडला, "भाऊजी, पाणी संपलं!"

पाणी संपलंय तर पाणी घालावं, हे कुणालाही सुचेल. पण रिकामा बॉयलर आतून लाल झालेला असतो. त्यावर पाणी पडलं की क्षणात त्याची वाफ होते आणि लोखंडाच्या चिंधड्या उडतात. वरच्या मजल्यावर चाळीस बायका इस्त्री करत होत्या.

बाबांनी समोरच्या भिंतीवरचं बटण दाबून आग विझवली. वळून बघतात तो मामा चाकाला लोंबकळलेला.

"सोड!" बाबा ओरडले.

"सोडतोय!"

"अरे सोड! सोड म्हणतो ना!"

"सोडतोय ना! जाम झालंय!"

चाक किंचित करकरलं. बाबांना म्हणायचं होतं, चाक सोड. मामा ऐकत होता, पाणी सोड. दोन महिने रोज त्यांनीच शिकवलेला शब्द होता तो. अकरा वर्षं नौदलाच्या भाषेत हुकूम झेललेल्या आणि दिलेल्या माणसाला ऐन वेळी मातृभाषेतला दुसरा एकही शब्द आठवेना. पंधरा पावलांचं अंतर होतं. हातात पाना होता. तो त्यांनी फेकला.

पाना मामाच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्या गोंगाटातही आला, असं मामा अजून शपथेवर सांगतो.

सगळ्यांना बाहेर काढलं. बॉयलर निवत होता तोवर मामा अंगणात हात धरून बाबांचा उद्धार करत होता. "वेड लागलंय तुम्हाला! बहिणीला काय तोंड दाखवणार?"

व्यवस्थापक म्हणाले, "अहवालात नव्या माणसाची चूक लिहा. समज देऊ, विषय संपेल." बाबांनी लिहिलं: हुकूम मी चुकीचा दिला. ज्यानं पाळला त्याचा दोष नाही. बाबांची मुख्य चालकाची जागा त्याच आठवड्यात गेली.

त्या संध्याकाळचं मला आठवतं. आईनं मामाच्या कोपरापर्यंतच्या प्लास्टरकडे पाहिलं. "कुणी केलं हे?"

"मी," बाबा म्हणाले.

"ताई, माझ्याच ऐकण्यात चुकलं," एव्हाना सगळं समजलेला मामा मध्येच म्हणाला.

"नाही. त्यानं बरोबर ऐकलं." मग बाबांनी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं; आम्हा मुलींना त्यातलं काही कळलं नाही.

आई म्हणाली, "आणि नेम चुकला असता तर?"

"दुसरा पाना नव्हता."

ती खुर्चीत बसली. "उद्यापासून त्याला इथली भाषा शिकवा," ती म्हणाली. "मीही बसते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वही उघडली. पहिला शब्द काय घ्यायचा, यावर बाबांनी फार विचार केला नाही. त्यांनी इथल्या भाषेतला "थांब" लिहिला आणि मामाकडून तीस वेळा म्हणवून घेतला.