वाळ्याच्या ताटीजवळची खाट

२१ मे १९७३. सात किलो बर्फ, एक रुपया पंचाहत्तर पैसे. वच्छलाने पैसे मोजून दिले, बर्फ गोणपाटात गुंडाळला आणि नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात, नवऱ्याच्या उशाशी आणून ठेवला. शालिकरामला सकाळी ऊन लागले होते.

सिस्टर चारुशीलाबाईंनी गोणपाट सोडले आणि अर्ध्याहून जास्त बर्फ शेजारच्या खाटेवर नेला. तिथे चंपतराव होता.

शालिकराम एकवीस वर्षे धान्य बाजारात काटा धरत होता. चंपतराव त्याच्या मागून आला आणि मोठ्या सेठचा मोठा काटा त्याला मिळाला. एका दिवाळीला सेठने दोघांनाही धोतरे दिली. चंपतरावच्या धोतराला काठ होता. तो काठ शालिकराम अजून विसरला नव्हता. आज चण्याची एकच गाडी मोजताना दोघे कोसळले, एकाच हातगाडीवर दवाखान्यात आले, आणि इथेही चंपतरावलाच वाळ्याच्या ताटीजवळची खाट मिळाली. शिपाई ताटीवर बादलीने पाणी मारी आणि सगळा गारवा आधी चंपतरावच्या अंगावरून जाई.

"चार वेळा डॉक्टर त्यालेच पाहून गेले," शालिकराम म्हणाला. "मह्याकडे एकदा. बर्फ आपला, अन् डोकं त्याचं."

"त्याले शुद्ध नाही ना जी," वच्छला म्हणाली. "घरचंही कोणी आलं नाही अजून. तुमचं तर तोंड चालू हाये."

"तू बी त्याच्याच बाजूची काहून वं?"

त्याच्यापुढे चहाचा पेला ठेवून वच्छला माठाचे पाणी आणायला गेली.

दुपारी सिस्टरने शालिकरामच्या तोंडात थर्मामीटर दिला आणि दुसऱ्याच एका रोग्याकडे वळल्या. मघाशी शालिकरामचा ताप एकशे एक भरला होता. चंपतरावचा आला तेव्हा एकशे सहा होता आणि दोन तास बर्फ लावून एकशे तीनवर उतरला होता. शालिकरामने तोंडातली काच काढली, कोमट चहात बुडवली, थोडा वेळ तशीच धरली आणि परत जिभेखाली धरली. आयुष्यभर दुसऱ्याचे वजन त्याने चोख केले होते. स्वतःच्या पारड्यात त्या दिवशी पहिल्यांदाच बोट लावले.

सिस्टरने काच उजेडात धरली. एकशे सहा. त्यांनी लगेच शिपायाला हाक मारली. चंपतरावला आतल्या कोपऱ्यातल्या खाटेवर नेले. शालिकराम ताटीजवळ आला. बर्फ त्याच्या कपाळावर आला, डॉक्टर दोनदा येऊन गेले. वाळ्याचा वास नाकात घेत तो डोळे मिटून पडला. काठाचे धोतर नेसल्यासारखे वाटले.

घटकाभराने कोपऱ्यातून आवाज आला. चंपतराव बरळत होता. "काटा सरळ धर गा, शालिक. चणा सांडून राहिला." मग त्याचे हातपाय झटके देऊ लागले.

इथेही तो आपलेच नाव घेतो, हे शालिकरामला आवडले नाही. पण तो उठून बसला.

"सिस्टर, त्याले इथं आणा. मले तेवढा ताप नाही. मी काच चहात बुडवली होती."

चारुशीलाबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिले. "खाली उतरा," त्या म्हणाल्या. "आणि खाट ढकलायला हात लावा. ताप नसलेल्याला एवढं जमतं."

त्याने खाट ढकलली. बर्फ संपला होता आणि वच्छलाच्या कमरेला पैसे उरले नव्हते. ती दवाखान्याच्या फाटकावरच्या रुपराव बर्फवाल्याकडून आणखी सात किलो उधार घेऊन आली. या वेळी सगळा बर्फ चंपतरावला लागला. शालिकराम कोपऱ्यातल्या गरम भिंतीशी पडून तो वितळताना पाहत राहिला.

तिसऱ्या दिवशी चंपतराव उठून बसला. सिस्टर त्याच्याशी हसून बोलत होत्या. शालिकरामशी त्या फक्त गोळ्यांपुरते बोलत.

"काय गा शालिक," चंपतराव म्हणाला, "तुले म्हणे मह्या खाटेची लई हौस होती?"

"मस्त गार होती," शालिकराम म्हणाला, आणि कूस बदलली.

आठ दिवसांनी वच्छला पैसे द्यायला गेली, तेव्हा रुपराव दुकान मोडून कुहीजवळच्या आपल्या गावी गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात तो आला नाही. त्याचे एक रुपया पंचाहत्तर पैसे देणे अजून बाकी आहे.