पाच आठवडे आणि चार दिवस

हॅलिफॅक्सला फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीत मला जागा मिळाली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. त्याआधी वर्धेजवळच्या एका गावात अकरा वर्षं माझा दवाखाना होता, आणि कॅनडात आल्यावर मी चार वर्षं अप्लाय करत होते. बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरांसाठी जागा मोजक्याच. एकदा हातची गेली की परत मिळत नाही, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगायचो आणि ती भीती उशाशी घेऊन झोपायचो.

रेसिडेन्सी म्हणजे पुन्हा विद्यार्थी होणं. माझे गाईड डॉक्टर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पेशंट तपासला की बाहेर येऊन त्यांना सगळं सांगायचं, त्यांनी मान डोलावली की मग औषध द्यायचं. मला मनस्वी राग यायचा. साप चावलेली माणसं, अडलेली बाळंतपणं एकटीनं निभावली होती मी, आणि इथे खोकल्याच्या औषधाला परवानगी! राग होता तशी गुर्मीही होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ज्या गोष्टीत मी खरोखर अडाणी होते, ती मला कोणी शिकवली नाही. ती शिकवावी लागेल असं कोणाला वाटलंच नसणार. आमच्याकडे रिपोर्ट पेशंटचा असतो. तोच लॅबमधून आणतो, साडीच्या दुकानाच्या पिशवीत जपून ठेवतो, एक्स-रे गादीखाली सरकवतो. काही गंभीर असलं तर लॅबवालाच त्याला म्हणतो, "आजच डॉक्टरांना दाखवा हो." टेस्ट लिहून दिली की माझं काम संपायचं, आणि पिशवी टेबलावर आली की पुन्हा सुरू व्हायचं. इथे रिपोर्ट सरळ डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर येऊन पडतो आणि पेशंट घरी असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सवय अशी, की पेशंट समोर येऊन बसल्याशिवाय मी त्याचा रिपोर्ट उघडत नसे.

ती बहात्तर वर्षांची होती. जन्मभर स्कूल बस चालवून रिटायर झालेली, खाडीपलीकडच्या डार्टमथहून फेरीबोटीने यायची. हल्ली फार थकवा येतो म्हणाली, म्हणून मी रक्ताची आणि शौचाची तपासणी लिहून दिली. "काही असलं तर आम्ही फोन करू," असंही सांगितलं. इथे सगळेच तसं सांगतात.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी एक पेशंट आला नाही. मोकळा वेळ मिळाला म्हणून मी साचलेले रिपोर्ट बघायला घेतले. त्यात तिचा होता. शौचात रक्त. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. माझ्या तोंडचं पाणी पळालं. या वयात असा रिपोर्ट आला की आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायची असते, आणि तीही लवकर, कारण तो कॅन्सर असू शकतो.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. कॅन्सरच निघाला, पण वेळेवर सापडला. ऑपरेशन झालं आणि ती बरी झाली. त्या शुक्रवारी मात्र यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

शनिवारी नवरा गाडीला विंटर टायर्स लावून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो सॉफ्टवेअरमधला माणूस. म्हणाला, "अगं, सिस्टीममध्ये अशा गोष्टी मिस होतात. डोंट पॅनिक. पण आपणहून कशाला सांगायचं? चार वर्षं अप्लाय केलंयस एका सीटसाठी. प्रोबेशनवर टाकलं तर?" त्याला दोष देत नाही. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला. पुढची युक्ती तर माझीच होती. तीच तपासणी पुन्हा लिहायची, नव्या तारखेचा नवा रिपोर्ट येईल आणि जुना कोणी बघणार नाही.

सोमवारी दिवसभर मी मूग गिळून बसले. गाईडनी सहज विचारलं, "सगळं ठीक?" मी म्हणाले, "ठीक." चोराच्या मनात चांदणं, दर वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं की कळलं असंच वाटायचं.

मंगळवारी सकाळी नव्या तपासणीचा फॉर्म भरायला घेतला. त्यात कारणाचा एक रकाना असतो. तिथे काय लिहावं ते सुचेना. पाच मिनिटं नुसती बघत बसले, मग उठून गाईडच्या खोलीत गेले आणि रिपोर्ट समोर ठेवला. कधी सापडला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते रागावले नाहीत. आधी स्पेशालिस्टला फोन करून तिची तपासणी ठरवली आणि मग म्हणाले, "आता तिला तू सांगायचं. मी शेजारी बसतो."

आमच्याकडे डॉक्टरने चूक कबूल करायची म्हणजे दवाखान्याच्या काचा फुटायची वाट बघायची. फोन स्पीकरवर होता. मी तिला रिपोर्ट सांगितला, पुढची तपासणी सांगितली. रिपोर्ट पाच आठवड्यांपूर्वी आला होता, तो मी उघडला नाही, चूक सर्वस्वी माझी आहे, मला माफ करा, असंही म्हटलं.

"फोन आला नाही म्हणून मी लेकीला कळवून टाकलं होतं की सगळं ठीक आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "चुका होतात. मीही एकदा एका मुलाला स्टॉपवरच विसरले होते." मला रडू आलं. तेवढ्यात तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"आज सकाळी," एवढं म्हटलं की भागलं असतं. शेजारी गाईड तेच समजून बसले होते.

"शुक्रवारी," मी म्हणाले.

गाईडनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"शुक्रवारी मी दिवसभर घरीच होते," ती म्हणाली.

पुढच्या तपासण्यांना ती क्लिनिकमध्ये येत राहिली, पण दुसऱ्या डॉक्टरकडे. माझी सीट मात्र राहिली.