शेवटचा आकडा

दवाखान्याच्या खिडकीशी माझ्या पुढच्या म्हातारबाई कार्डावरच्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून उभ्या होत्या. "माझा सात आहे, साहेब. सहा माझ्या जावेचा, ती वारली. नाव नोंदवताना ती रांगेत माझ्या पुढं होती."

खिडकीतला कारकून म्हणाला, "एवढा लांबलचक नंबर कॉम्प्युटरला पेलत नाही, मावशी. शेवटी तो शून्यच धरतो. तुमचा दोघींचा नंबर एकच झालाय, आणि त्यापुढं मयत लिहिलंय. गोळ्या कशा देऊ?"

मोठ्या संख्येत शेवटचा आकडा सोडला तरी चालतो, हे शाळेत किती सहज शिकलो होतो आपण! माझा अंगठा नकळत माझ्याच कार्डाच्या टोकाशी गेला.

बाईंनी कार्डावरचं बोट उचलून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे केलं. मग हळूच म्हणाल्या, "दोघी एकच ना? मग जिवंत लिहा की. तीही येईल गोळ्या घ्यायला."