विकलेल्या कपाटातली बाटली

तेलाची बाटली जागेवर नाही हे हेन्याच्या लक्षात आलं तेव्हा दुपार कलली होती, आणि तिचा नवरा झालमन दाराची कडी पुन्हा एकदा हलवून बघत होता.

"घंटा झाली," तो म्हणाला. "पडदा कोण ओढणार? तुझा बाप?"

"माझा बाप कधीच गेला, झालमन. खाली बस."

बसतो कसला! हैफातल्या एका जुन्या नाट्यगृहात त्याचा उभा जन्म पडदा ओढण्यात गेला. केवढे केवढे नट, पण सगळे त्याच्या हातावर विसंबून. आता आठवणींचं सामान एकेक करून विंगेत गेलं होतं, लेकीचं नावसुद्धा. रिकाम्या रंगमंचावर उरली होती नुसती घाई. संध्याकाळ जवळ आली की ती त्याच्या अंगात शिरे. तो येरझाऱ्या घाली, आडवं येईल त्याला ढकले. गेल्या वर्षी हेन्याचं मनगट मोडलं ते त्यातच.

मग डॉक्टरीणबाईंनी गांजाच्या झाडापासून काढलेलं तेल लिहून दिलं. "आठवण परत येणार नाही," बाईंनी स्पष्ट सांगितलं. "सगळ्यांना लागू पडतं असंही नाही. पडलंच, तर जिवाची तगमग कमी होईल." हेन्याला आधी लाज वाटली. म्हातारपणी नवऱ्याला नशापाणी! पण जिभेखाली थेंब घालता घालता काही आठवड्यांनी तो जेवणापुरता टेबलाशी टिकू लागला. चालायचा तेवढाच, पण ढकलायचा नाही.

आणि आज, संध्याकाळी ज्यूंचा वल्हांडण सण लागायचा, तर बाटली गायब!

एकदम आठवलं तसा तिने कपाळावर हात मारून घेतला. वल्हांडणात घरात खमिराचा कण चालत नाही. टाकवत नाही ते सगळं एका कपाटात कोंबायचं, कपाटाला चिकटपट्टी मारायची, आणि धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, मार्फत आतला माल सण संपेपर्यंत परधर्मी माणसाला विकून टाकायचा. सकाळी तिने हातासरशी अख्खी फळी आत लोटली होती: पीठ, शेवया, तिळाचं तेल आणि त्याच्याच आडोशाला उभी असलेली ती छोटी बाटली. नवी आणावी तर औषधवाले सणाचे बंद, आणि महिन्याला मिळते ती एकच.

"मग उघड की कपाट!" लेक आदिना म्हणाली. ती नवऱ्यासह सणासाठी राहायला आली होती.

"विकलंय."

"आई, तुझ्या स्वयंपाकघरात आहे ते!"

"असेल. आतलं सामान माझं नाही."

"रब्बींना विचार."

"फोन उचलत नाहीत."

"औषधाला सूट असणारच."

"असेल ना. पण ती माझी मीच घेऊन टाकू?"

आदिनाने हातातला टॉवेल आपटला. "मी काय म्हटलं होतं आठवतंय ना? आज बाबा कुणाच्या अंगावर धावून गेले, तर सण झाल्यावर त्यांना अशा रुग्णांच्या संस्थेत ठेवायचं. दाराला कुलूप असेल तिथे, कबूल. पण तू तरी जिवंत राहशील."

 हेन्याने झालमनला कोट चढवला, त्याचा हात धरला आणि पायऱ्या उतरून थेट खालच्या मोहल्ल्यात जुबरानचं दुकान गाठलं. जुबरान कॉफी भाजून विकायचा. ख्रिस्ती माणूस. वरच्या गल्लीतली सगळी कपाटं दर सणाला त्याच्याच नावावर व्हायची.

"या मावशी! आज काय, माल परत घ्यायला आलात? अजून सण लागलासुद्धा नाही."

"चेष्टा नको. तुझ्या मालात माझ्या नवऱ्याचं औषध गेलंय."

"अहो, मग काढा की! मला कशाला विचारता?"

"मालक तू आहेस म्हणून विचारते."

जुबरानला हसू आलं, पण झालमन पोत्यांमधून येरझाऱ्या घालत होता, हेन्याच्या कपाळावर घाम होता. त्याने हसू आवरलं. छातीवर हात ठेवला. "मालक म्हणून सांगतो, कपाट उघडा, तुमचं औषध घ्या. बाकी माझा माल जपून ठेवा. शेवया आहेत ना आत?"

"आहेत."

"झुरळं लागू देऊ नका."

घरी येऊन तिने चिकटपट्टी फाडली, थेंब घातले, पट्टी पुन्हा लावली. पण तेल म्हणजे काही ऐन वेळी अवतरणारा देव नव्हे, आणि थेंबांना उशीर झालाच होता. संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले, आणि पूर्वजांच्या गुलामीतून सुटकेची कथा वाचायला सुरुवात होते न होते तोच झालमन उठला. टेबलाभोवती फिरू लागला. जावयाने मुकाट्याने खुर्ची आत ओढून वाट दिली. विधीची कडू भाजी आली, सूप आलं. तो एक घास घेई, पुन्हा चालू लागे. हेन्या त्याच्या हातांकडे बघत होती, आदिना हेन्याकडे.

जेवणानंतर संदेष्टा एलिया येईल म्हणून दार उघडायचं असतं.

"यंदा राहू दे," आदिना पुटपुटली.

"दार उघडायचंच," म्हणत हेन्याने कडी काढली.

झालमन सरळ बाहेर पडला. आदिना धावली आणि जिन्यात तिने त्याची बाही धरली. त्याचं अंग ताठ झालं, हात वर गेला.  आदिनाने बाही सोडली.

"कुठे निघालात?" तिने विचारलं.

"उशीर झालाय."

"मग चला, मीही येते."

वर गेलेला हात कठड्यावर आला. दोघं खाली उतरली, वर आली, पुन्हा उतरली. परतली तेव्हा आदिनाला धाप लागली होती.

"रोज हे असं?"

"तेल असलं की असं. नसलं की कसं, ते तुला माहीत आहे."

"आणि तू एकटी."

"मग काय, पलटण आहे माझ्याकडे?"

आदिना खुर्चीत टेकली. "संस्थेला नाही म्हणून कळवते. पण एक अट."

"तुझ्या अटी काही संपत नाहीत."

"एक दिवसाआड संध्याकाळी मी येणार. मधल्या दिवशी माणूस ठेवायचा. आणि पुन्हा त्यांनी तुला ढकललं, तर हा विषय परत निघणार."

माणूस कशाला हवाय, असं हेन्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात उघड्या दारातून झालमन पुन्हा जिन्यात गेला.

"जा," हेन्या म्हणाली. "आजपासूनच लाग कामाला."