सूनबाईंनी फिट म्हटलं पाहिजे

"पोरगी डॉक्टर हाय नि जास्त बोलत न्हाय. आपल्याला अजून काय पायजे?"

पडद्यापलीकडे मामंजी सलीमभाईंना सांगत होते. पडदा पातळ होता.

सासरचा किकबॉक्सिंगचा क्लब आहे, हे लग्नाआधी माहीत होतं. मॅचआधी पोरांना तपासून फिट की अनफिट ते सांगायचं काम सुनेचं, हे नंतर कळलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून माझं नाव बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे सूनबाई म्हणायला लागले. बोलणाऱ्यांचे किस्से बोलून संपतात. माझे साठत गेले.

*

पहिल्या दिवशी नजर तपासायची होती. क्लबातला इंग्रजी अक्षरांचा तक्ता फाटला होता, म्हणून मी मराठी आणला. वडप्याच्या गोडाऊनवर लोडिंग करणारा एक जण पुढे आला. एक डोळा झाकून घडाघडा म्हणाला, "ई, एफ, पी, टी, ओ, झेड."

मागून कोच सलीमभाई कुजबुजले, "अबे, तक्ता बदललाय."

त्याने शांतपणे दुसरा डोळा झाकला आणि पुन्हा तेच म्हणाला.

*

एकाचं वजन अर्धा किलो जास्त भरलं. सलीमभाईंनी त्याला घाम काढायला वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर पाठवलं. दुपारी परतला तेव्हा अंगाला गंधकाचा वास होता, बोटं सुरकुतली होती आणि वजन वाढलं होतं.

"घाम गाळला ना रे?"

"गाळला. मग अशक्तपणा आला, म्हणून मिसळ खाल्ली."

"कितनी?"

"अशक्तपणा जाईपर्यंत."

*

पॉवरलूमवर काम करणाऱ्या एकाच्या पाठीमागे उभी राहून मी हळूच हाक मारली. तो ढिम्म. समोर येऊन विचारलं, "ऐकू कमी येतं का?"

"न्हाय मॅडम, इथं लई शांत हाय ना. लूम चालू असली की सगळं ऐकायला येतं."

त्याच्याच भावाला विचारलं, "कधी बेशुद्ध पडला होतास?"

"आठवत न्हाय."

*

आणि नितेश. माझा धाकटा दीर, क्लबचा हिरो. रविवारी पडघ्याला त्याची मॅच होती. मांडव घातला होता, मामंजींनी अर्धा तालुका बोलावला होता. गुरुवारी सरावात नितेशच्या कानशिलावर लाथ बसली. जेवताना त्याने मला विचारलं, "वहिनी, तुमचं माहेर कुठलं?" मी सांगितलं. भात वाढेपर्यंत पुन्हा विचारलं. ताक पिताना पुन्हा.

मेंदूला धक्का बसला होता. त्यावर आणखी एक फटका बसला तर पोरगा उठणार नाही, असं मी मामंजींना सांगितलं. एवढं मोठं वाक्य मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले होते.

"शनिवारी तपास," ते म्हणाले. "उत्तरं बरोबर दिली तर झालं ना?"

मग घराने त्याची तयारी करून घेतली. सासूबाई चहा देताना वार विचारत, सलीमभाई दोरीउड्या मोजता मोजता तारीख. शनिवारी सगळे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

वार बरोबर. तारीख बरोबर. मॅच कोणाशी, तेही बरोबर, शिवीसकट. डोकं दुखतं का विचारलं, तर "न्हाय" म्हणताना त्याने डोळे मिटून घेतले.

"झालं ना सूनबाई?" मामंजी म्हणाले. "मार शिक्का."

मी नितेशला विचारलं, "माझं नाव काय?"

त्याने सलीमभाईंकडे बघितलं. "भाभी..." म्हणून सलीमभाई थांबले आणि मामंजींकडे वळले. मामंजींनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई पदर नीट करू लागल्या. ज्याला ठाऊक होतं, तो माझा नवरा गाडी घेऊन नाशिकला गेला होता.

"श वरनं हाय कायतरी," मामंजी पुटपुटले.

मी शिक्का उचलून पर्समध्ये टाकला.

"नितेश महिनाभर अनफिट. तुम्हा बाकीच्यांना नंतर तपासते."