सॉनाच्या भिंतीतलं शेवाळ

आमची हिल्या आत्या मेली तरी चूक कबूल करायची नाही, असं अख्खं गाव म्हणायचं. मीही म्हणायचे.

एकाहत्तराव्या वर्षी तिचा सॉना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची ओंडक्यांची खोली, जळला. शेजारच्या वेइक्कोला हाताशी धरून तिनं नवा बांधायला घेतला. ओंडक्यांच्या फटींत वारा शिरू नये म्हणून दोन थरांमध्ये शेवाळ दाबून भरतात. हल्ली लोक दुकानातली तागाची पट्टी घालतात, पण आत्याला ती कुठली चालणार! दलदलीतल्या झऱ्याकाठचं सगळ्यात मऊ शेवाळ तिनं दाताळ्यानं ओढून पोतंभर आणलं.

ऑगस्टमध्ये तूलिक्की आली. ती शेवाळांची अभ्यासक. त्या झऱ्याकाठी जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत एक दुर्मीळ शेवाळ होतं, आमच्या भागात उरलेलं तेवढंच. ते मोजायला ती दर वर्षी यायची. या वेळी परतली ती रडवेली होऊन.

"सगळं गेलं, हिल्याताई. खुणेच्या काठ्यासुद्धा हिवाळ्यातल्या बर्फानं उलथल्यात. रेनडिअरनी तुडवलं असणार." तिनं वहीत तसं लिहिलंही.

आत्या गप्प बसली असती तरी खपलं असतं. रेनडिअर थोडेच साक्ष द्यायला येणार होते! तिनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"रेनडिअर नाही गं, मी. भिंतीत आहे ते. जगेल का?"

"ओलं असलं तर... सांगता नाही येत."

"वेइक्को, ओंडके उतरव."

"अगं बाई, सॉनात माणसं कपडे काढतात. तू सॉनाचेच काढायला निघालीस!"

"दात काढू नकोस. ओंडके काढ."

सात थर उतरले. दोघींनी चिमूट चिमूट निवडून शेवाळ झऱ्याकाठी परत दाबलं. म्हातारीची अब्रू राहावी म्हणून तूलिक्कीनं वहीतलं रेनडिअर तसंच ठेवलं.

त्या हिवाळ्यात आत्या दर शनिवारी वेइक्कोच्या सॉनात जायची, त्याचे टोमणे ऐकत. पुढच्या उन्हाळ्यात झऱ्याकाठी काहीच नव्हतं. तिनं मुकाट्यानं तागाची पट्टी घालून भिंती उभ्या केल्या. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये तूलिक्की झऱ्यावरून ओरडली. आम्ही धावलो. नखाएवढे सात हिरवे झुबके होते. आत्या चिखलात गुडघे टेकून बसली ती उठेचना. डोळे पुसून तिनं तूलिक्कीकडे वही मागितली आणि मागची पानं उलटली.

"हे रेनडिअर खोड," ती म्हणाली. "माझं नाव लिही."